वसंतासाठी खोली सजवताना: आधी उजेड, मग रंग, वस्तू शेवटी

थंडी सरली, दिवस मोठा झाला की घरात काहीतरी बदलावंसं वाटतंच. मग सल्ले सुरू होतात: नव्या उशा घ्या, फुलदाणी ठेवा, गालिचा बदला. मला हे सल्ले पटत नाहीत, कारण ते शेपटाकडून सुरू होतात. खोलीत नजरेला सगळ्यात जास्त काय दिसतं, तर भिंती. भिंत मळकट वाटत असेल तर तिच्यापुढे ठेवलेली चांगली वस्तूही मळकट वाटते. मी अनेक खोल्या रंगवल्या, काही दोनदा रंगवाव्या लागल्या, आणि आता माझा क्रम पक्का आहे.

१. खोली मोकळी करा

सामान मधोमध ओढा, भिंती पुसा, भेगा पुट्टीनं भरून घासून घ्या. कुठे ओल असेल तर तिचं कारण दूर होईपर्यंत रंगाचा डबा उघडू नका.

२. फॅशन कापडात ठेवा, भिंतीवर नको

रंगछटांना क्रमांक देणारी पॅन्टोन ही कंपनी २००० सालापासून दरवर्षी ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते. २०२३ ला तो भडक लालसर ‘व्हिवा मजेंटा’ होता, २०२४ ला कोवळा ‘पीच फझ’, २०२५ ला तपकिरी ‘मोका मूस’. तीन वर्षांत तीन टोकं. भिंत कुणी दरवर्षी रंगवत नाही. म्हणून चालू हंगामाचा रंग उशांच्या अभ्र्यांत, एखाद्या पांघरुणात, दिव्याच्या शेडमध्ये येऊ द्या. भिंतीसाठी असा रंग निवडा ज्यात तुम्हाला पाच वर्षं बसायला आवडेल.

अलीकडे भिंती, दारं आणि छत एकाच रंगात बुडवण्याची पद्धत बरीच दिसते. लहान खोलीत ती खरंच छान दिसते, कारण कडा नाहीशा होतात आणि खोली कुठे संपते ते डोळ्याला चटकन कळत नाही. पण त्यात चूक झाली तर पळायला जागा नसते. पहिल्याच प्रयत्नात ती करू नका.

३. दिवे आधी बदला

ही पायरी लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच फसतात. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळसर उजेड, ४००० च्या आसपास साधा पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बसण्याच्या आणि झोपण्याच्या खोलीत मी ३००० च्या वर जात नाही. खोक्यावर सीआरआयही लिहिलेला असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, आणि त्याची कमाल १०० असते. ९० च्या वरचाच घ्या. ८० च्या दिव्याखाली लाल आणि तपकिरी रंग मेलेले दिसतात.

४. रंगाची चाचणी

आता मुख्य काम. इथे घाई केली तर बाकीचं सगळं वाया जातं, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

मी एकदा शेड कार्डवरचा बोटभर तुकडा पाहून बैठकीच्या खोलीसाठी फिकट हिरवा निवडला. कार्डावर तो कोवळ्या पानासारखा होता. चारही भिंती रंगवून झाल्या आणि दुपारी तो करडा वाटला, संध्याकाळी ६५०० च्या ट्यूबलाइटखाली थंडगार निळसर. त्यात भिंतीला लागून विटकरी रंगाचा सोफा. त्याच्या शेजारी हिरवा इतका उसळून आला की त्या खोलीत बसवेना. रंग बनवणाऱ्याची चूक नव्हती. डब्यात जो रंग मागितला होता तोच आला होता.

शेजारच्या रंगाचा हा परिणाम जुनाच आहे. पॅरिसच्या गोबेलिन्स विणकामशाळेत काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार होती. तिथला रसायनतज्ज्ञ मिशेल शेव्रल यानं तपासलं तेव्हा काळा रंग उत्तम निघाला. त्याला फिका दाखवत होते ते शेजारचे धागे. यावरचं त्याचं काम १८३९ मध्ये प्रसिद्ध झालं. लाल आणि हिरवा शेजारी आले की दोघंही जास्त तीव्र दिसतात, हे मला त्या सोफ्यानं शिकवलं.

म्हणून जुन्या भिंतीवर थेट चौकोन रंगवून पाहू नका. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. एक तर त्या चौकोनाभोवती जुना रंग असतो, आणि तुम्ही नवा रंग त्याच्या तुलनेत पाहता. जुनी भिंत पिवळट असेल तर नवा करडा निळा दिसेल. शिवाय चौकोनाची जाड कड घासून काढली नाही, तर वर दोन हात मारल्यावरही तिरप्या उन्हात ती रेघ उमटते.

त्याऐवजी जाड पांढरा पुठ्ठा घ्या, निदान ए३ मापाचा, म्हणजे साधारण ३० बाय ४२ सेंटीमीटर. कडेनं चार बोटं पांढरी पट्टी मोकळी सोडा. ती पट्टी जुन्या भिंतीला दूर ठेवते. आत रंगाचे दोन हात द्या, तेही ज्या रोलरनं भिंत रंगवणार त्याच रोलरनं. मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग लावणार असाल तर नमुनाही मॅटमध्येच हवा, कारण तीच छटा हलकी चमक असलेल्या सॅटिनमध्ये जास्त गडद वाटते. पुठ्ठा पूर्ण वाळू द्या. बहुतेक इमल्शन, म्हणजे भिंतीचे पाण्यातले रंग, वाळल्यावर थोडे गडद होतात, ओल्या रंगावरून मत बनवू नका.

एका रंगाचे दोन पुठ्ठे करा. हे मी पैजेवर सांगेन. कोपऱ्यात दोन्ही पुठ्ठे काटकोनात उभे करा आणि त्यांच्या मधल्या खाचेत पाहा. तिथे रंग किती दाट झालाय? एक भिंत दुसरीवर आपला रंग टाकते आणि दुसरी तो परत करते. चार भिंती रंगवल्यावर खोलीभर हेच होतं. लोणीपिवळा तर यात सगळ्यात फसवा. पुठ्ठ्यावर मऊ दिसतो आणि खोलीत अंगावर येतो. पिवळा आवडलाच तर मनातल्या छटेपेक्षा एक पायरी फिका घ्या.

पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवून पाहू नका. आडव्या पृष्ठभागावर वरून थेट उजेड पडतो, उभ्या भिंतीवर तसा पडत नाही. तो भिंतीला टेकवून उभा करा: एकदा खिडकीच्या भिंतीवर, जिथे सगळ्यात कमी उजेड असतो, आणि एकदा तिच्या समोरच्या भिंतीवर. सकाळी, भर दुपारी, ऊन कलल्यावर आणि रात्री दिवे लावून, असं दोन दिवस. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन क्वचितच येतं, तिथला उजेड निळसर असतो. करडा आणि फिकट हिरवा तिथे गारठतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी सगळंच केशरी होतं, आणि गुलाबी तर फारच. खिडकीबाहेर झाड असेल तर वसंतात पालवी फुटल्यावर तिची हिरवी झाक आत येते. म्हणून हिवाळ्यात पसंत केलेला रंग पालवी आल्यावर पुन्हा पाहावा.

पुठ्ठ्याशेजारी सोफ्याचं किंवा पडद्याचं कापड धरा. उन्हात तंतोतंत जुळणारे रंग दिव्याखाली वेगळे पडू शकतात. दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असतात, आणि प्रत्येक उजेड त्यांना वेगळं वागवतो.

आणि अंधाऱ्या खोलीला पांढरा रंग देऊ नका. ‘पांढऱ्यानं खोली उजळते’ हे अर्धंच खरं आहे. शेड कार्डच्या मागे बऱ्याचदा एलआरव्ही हा आकडा असतो: रंग किती उजेड परत फेकतो ते तो ० ते १०० मध्ये सांगतो. पांढरा भरपूर परत फेकतो, पण खोलीत उजेडच नसेल तर फेकणार काय? मग कोपरे राखाडी, उदास दिसतात. तिथे मातकट गुलाबी, मधाचा किंवा उबदार हिरवा असा मध्यम रंग जास्त जिवंत वाटतो.

५. रंग द्या

छत आधी, भिंती नंतर. एक भिंत अर्धी सोडून जेवायला उठू नका, ओली कड वाळली की तिथे पट्टा दिसतो. दुसऱ्या हाताआधी डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या.

६. पडदे

वसंतात जाड पडदे काढून हलकं सुती किंवा लिनन लावणं हा भिंतीनंतरचा सगळ्यात मोठा बदल. कापड शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या. दोन्ही आटतात, आणि शिवलेला पडदा पहिल्या धुण्यात वर चढला की तो परत खाली येत नाही. कापडाची रुंदी रॉडच्या दुप्पट ते अडीचपट धरा. त्याहून कमी असेल तर चुण्या पडत नाहीत आणि पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. रॉड चौकटीच्या १० ते १५ सेंटीमीटर वर आणि दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंटीमीटर बाहेर काढा, म्हणजे उघडलेला पडदा काच झाकणार नाही आणि उजेड पूर्ण आत येईल.

७. बाकीचं

चित्रं: मध्यबिंदू जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर. गालिचा: सोफ्याचे पुढचे पाय त्यावर आलेच पाहिजेत. झाडं खिडकीजवळच, कारण खिडकीपासून दूर जावं तसा उजेड झपाट्यानं घटतो, आपल्या डोळ्याला वाटतो त्याहून कितीतरी जास्त. उशा आता घ्या, आणि दुकानात जाताना तो रंगवलेला पुठ्ठा सोबत न्या.

काम झाल्यावर त्याच पुठ्ठ्याच्या मागे छटेचा क्रमांक, फिनिश, तारीख आणि दिव्याचा केल्विन लिहून तो कपाटामागे सरकवून ठेवा. दोन वर्षांनी खुर्चीची पाठ घासून भिंतीवर ओरखडा पडेल तेव्हा डबा वाळून गेलेला असेल, पण नेमका कोणता रंग मागायचा हे तुमच्याकडे लिहिलेलं असेल.