फॅमिली क्वार्टर कुणाला मिळतं, कधी मिळतं: नव्याने लग्न झालेल्या जवानांच्या घरच्यांसाठी

सातारा-कोल्हापूरकडे जवानाचं स्थळ आलं की पगारापाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: "मुलीला सोबत नेणार ना?" मुलाकडची मंडळी लगेच म्हणतात, "नेणार की, क्वार्टर मिळतं." मिळतं हे खरं. पण कुठे, कधी आणि कशाच्या आधारावर, हे बैठकीत कुणी उलगडून सांगत नाही. माझे मिस्टर इन्फन्ट्रीत हवालदार आहेत. छावण्यांत राहताना नवीन आलेल्या वहिन्या मला हेच विचारत आल्या आहेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी पोस्टिंग बघा. सैन्यातल्या जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या, फील्ड (सीमेवरच्या किंवा तणावाच्या भागातल्या) आणि पीस (शांत भागातल्या छावण्या). सियाचीन, कुपवाडा, अरुणाचलची सीमा अशा फील्डच्या जागी कुटुंब नेता येत नाही. पुणे, देवळाली, कामठी, अहिल्यानगर, बेळगाव, झाशी, अंबाला ही पीस स्टेशनं, आणि क्वार्टरचा विषय इथेच निघतो. युनिट, म्हणजे जवानाची पलटण, पीसला साधारण दोन-तीन वर्षं असतं. म्हणून युनिट इथे येऊन किती काळ झाला आणि पुढची हालचाल कधी आहे, एवढं नवऱ्याला विचारून घ्या. वर्षभरात युनिट फील्डला निघणार असेल, तर शिकत असलेला कोर्स किंवा लागलेली नोकरी सोडून धावत जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य गोष्ट. गावाने अक्षता टाकल्या तरी सैन्याच्या दप्तरी तुमचं लग्न लागतं ते पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीत बदल करणारा लेखी आदेश, निघते तेव्हा. ही ऑर्डर युनिटचं ऑफिस काढतं आणि ती जवानांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला. तिथे नाव चढल्याशिवाय डिपेंडंट कार्ड (जवानाच्या कुटुंबाचं ओळखपत्र) नाही, मिलिटरी हॉस्पिटल नाही, आणि क्वार्टरचा अर्जही पुढे सरकत नाही. ऑर्डरसाठी मुळात विवाह नोंदणीचा दाखला लागतो. गावात लग्न झालं असेल तर नोंदणी ग्रामपंचायतीकडे होते, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेकडे. नवरा लग्नाच्या सुट्टीवर असतानाच हे काम उरकून घ्या. तो परत गेल्यावर दोघांच्या सह्या, साक्षीदार आणि भटजी पुन्हा एका जागी गोळा करणं फार जड जातं. सोबत दोघांचा एकत्र फोटो, बायकोचं आधार आणि पॅन तयार ठेवा. युनिटमध्ये आणखी काय मागतात ते हेडक्लार्क साहेबांकडून आधीच लिहून घ्या.

जास्तीत जास्त अर्ज अडतात ते नावावर. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत तांदळात अंगठीने नवीन नावही लिहितात. मग आधारवर पूजा संभाजी जाधव, विवाह दाखल्यावर पूजा अमोल शिंदे आणि पत्रिकेवर आरोही, अशी एकाच मुलीची तीन नावं होतात. युनिटमधला क्लार्क बिहारचा किंवा तामिळनाडूचा असू शकतो. आपल्याकडच्या चालीरीती त्याला ठाऊक असतील अशी अपेक्षा कशी धरणार? तो कागदाला कागद जुळवून बघतो आणि जुळला नाही की फाइल बाजूला ठेवतो. त्यात त्याचं चुकत नाही. घरी बसून एकच नाव आणि एकच स्पेलिंग ठरवा, तेच दाखल्यावर येऊ द्या आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. मूळ नावच बदलणार असाल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून त्याची प्रत जपून ठेवा. नवऱ्याचं नाव ज्ञानेश्वर असेल तर त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डला इंग्रजीत ते कसं लिहिलंय हे आधी बघा. हिंदी भाषक माणसाने लिहिलं असेल तर तिथे ग्यानेश्वर झालेलं असतं, आणि तुमच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव रेकॉर्डसारखंच यायला हवं. पुढे मूल झालं की त्याचीही पार्ट टू ऑर्डर काढावी लागते. ते काम पहिल्या महिन्यातच करा.

कागद पूर्ण झाले म्हणजे लगेच चावी हातात पडते असं नाही. अधिकारी, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवान यांच्यासाठी क्वार्टर वेगवेगळी असतात आणि यादीही वेगळी. लग्न झालेले जवान जास्त, क्वार्टर कमी. २००२ साली मॅरीड अकोमोडेशन प्रोजेक्ट सुरू झाला आणि बऱ्याच छावण्यांत बहुमजली इमारती उभ्या राहिल्या, तरी रांग संपलेली नाही. वाटप स्टेशन हेडक्वार्टर (त्या छावणीचं मुख्य कार्यालय) आणि युनिट यांच्यामार्फत होतं. क्रमांक कोणत्या तारखेपासून धरतात, किती महिन्यांसाठी क्वार्टर देतात आणि मुदत संपल्यावर दुसऱ्याला कधी द्यावं लागतं, हे प्रत्येक स्टेशनच्या नियमांत लिहिलेलं असतं. "भाऊ, तुमचा नंबर कितवा आहे" हे महिन्यातून एकदा विचारायला संकोच करू नका. ओळखीने काम होईल या आशेवर मात्र राहू नका, यादी सगळ्यांना दिसत असते.

क्वार्टर मिळेपर्यंत छावणीबाहेर भाड्याने राहता येतं, पण त्यासाठी जवानाला आउट लिव्हिंगची परवानगी लागते. ती घेतल्याशिवाय खोली बघू नका. पूर्वी जवानांना क्वार्टरच्या बदल्यात सीआयएलक्यू नावाचा भत्ता मिळायचा. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, त्याच्या जागी घरभाडे भत्ता आला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, हा भत्ता सरकारी वर्गवारीतल्या एक्स शहरांत मूळ वेतनाच्या ३०, वाय शहरांत २० आणि झेड ठिकाणी १० टक्के आहे. पुणे-मुंबई एक्समध्ये, नाशिक, नागपूर, बेळगाव वायमध्ये. मूळ वेतन ३०,००० असेल तर पुण्यात ९,००० आणि बेळगावात ६,००० होतात. एवढ्यात भागेल अशीच खोली शोधा. क्वार्टर ताब्यात आलं की हा भत्ता थांबतो.

नवरा फील्डला गेला तर? तुम्ही राहत असलेलं क्वार्टर लगेच सोडावं लागू नये म्हणून काही काळ मुदतवाढ मागता येते. मुलांच्या शाळेचं वर्ष मध्यावर असेल किंवा घरात कुणाचा उपचार चालू असेल, तर हे कारण कागदोपत्री दाखवून अर्ज करा. दुसरी वाट सेपरेटेड फॅमिली क्वार्टरची, ज्याला सगळे एसएफ म्हणतात. पती फील्डवर असलेल्या कुटुंबांसाठीच ही घरं ठेवलेली असतात, पण त्यांचीही यादी असते. म्हणून हालचालीचे आदेश आले की त्याच आठवड्यात अर्ज द्यायला सांगा. मुलं लहान असतील तर मी एसएफच निवडायला सांगेन. आजूबाजूच्या सगळ्याच बायका त्याच परिस्थितीत असतात. रात्री-अपरात्री मूल तापलं तर शेजारचं दार वाजवायला कुणी मागेपुढे बघत नाही, आणि मिलिटरी हॉस्पिटल जवळ असतं. गावीच राहणं सोयीचं असेल तर तेही चांगलं. मग कुटुंब राहण्याचं ठिकाण युनिटला रीतसर कळवून भत्त्याचं विचारून घ्या.

अग्निवीर मुलांच्या आईवडिलांना एक कळकळीची विनंती. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत भरती अविवाहितांचीच होते. सेवा चार वर्षांची, पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० असा ठरलेला, आणि त्यात घरभाडे भत्ता नाही. पुढे कायम होणारे जास्तीत जास्त २५ टक्के. त्यामुळे "मुलगा आर्मीत आहे, क्वार्टर मिळेल" असं सांगून या मुलांची लग्नं जमवू नका. मुलगा कायम होऊ द्या, मग बोलणी करा.

शेवटी ताबा घेण्याचं. ज्या दिवशी क्वार्टर मिळतं त्या दिवशी मार्च इन, म्हणजे सामानाच्या यादीसह ताबा देणं, होतं. एमईएसचा (सैन्याच्या इमारतींची देखभाल करणाऱ्या विभागाचा) माणूस पंखे, नळ, कड्या, गीझर, काचा यांची यादी घेऊन येतो. बहुतेक जण नव्या घराच्या आनंदात न बघता सही करतात. तसं करू नका. प्रत्येक पंखा लावून बघा, नळ सोडून बघा, फुटलेली काच आणि गळकी टाकी यादीत लिहायला लावा आणि मोबाइलवर फोटो काढा. निघताना मार्च आउटला हीच यादी समोर येते आणि जे कमी भरेल त्याचे पैसे नवऱ्याच्या पगारातून कापले जातात. क्वार्टरमध्ये पोटभाडेकरू ठेवणं किंवा मुदत संपल्यावरही तिथेच राहणं, दोन्ही महागात पडतं. जादा राहिल्याचं भाडं दंडाच्या दराने लागतं. सासू-सासरे, आई-वडील राहायला येणार असतील तर त्यांची आधार कार्डं मागवून गेट पासची व्यवस्था दोन दिवस आधी करा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना गेटवर उन्हात ताटकळत बसावं लागणार नाही.