स्कॉटलंड वेगळा झाला तर स्कीइंगच्या इन्शुरन्सचं काय, आत्ताच बघून ठेवा
परवा बडोद्यात आमच्या दांडिया बाजारच्या घरी एडिंबराहून भाचीचा फोन, फ्रान्सला स्कीइंगला जातेय म्हणे, मी पहिलं विचारलं इन्शुरन्स काढलास का, तर म्हणते मावशी जीएचआयसी कार्ड आहे ना! अगं ते ब्रिटनचं कार्ड युरोपातल्या सरकारी दवाखान्यातल्या उपचारापुरतं, पाय मोडला तर डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च त्यात येतच नाही, घरी परत आणायचाही नाही.

तुमचंही कोणी तिकडे असेल तर सांगा. स्कॉटलंडच्या २०१४ च्या मतदानात ५५ टक्के लोकांनी ब्रिटनपासून वेगळं व्हायला नको म्हटलं, पण उद्या झालंच तर हे कार्ड ब्रिटनचं, मग नवा देश युरोपशी काय करार करतो त्यावर सगळं. म्हणून पॉलिसीत रहिवासी कुठला लिहिलाय ते आधी वाचा, यूके असेल तर वेगळं झाल्यावर काय ते कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवरच्या बोलण्यावर राहू नका. विंटर स्पोर्ट्सचं कव्हर बहुतेक वेळा जास्तीचे पैसे भरून घ्यावं लागतं, आखलेल्या ट्रॅकबाहेर जाणार असाल तर तेही विचारा.

इथून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसासाठी (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) ३०,००० युरोचं कव्हर लागतंच, पण त्यात स्कीइंग असेलच असं धरू नका.