अ‍ॅमीब्रोकरमधून थेट ब्रोकरकडे ऑर्डर पाठवायची तर काय काय बघायचं

नागपुरात बरेच जण शेअरचे चार्ट अ‍ॅमीब्रोकर या सॉफ्टवेअरवर बघून राहिले अन् ऑर्डर मात्र मोबाईलवर हातानं टाकून राहिले, हे जोडता येते का असं नेहमी विचारतात. येते, पण नीट जोडा, पैशाचं काम आहे.

डेटा आत आणणं अन् ऑर्डर बाहेर पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. डेटासाठी डीएलएल फाईल (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा भाग) येते, ती अ‍ॅमीब्रोकरच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये टाकून सॉफ्टवेअर बंद करून परत चालू करायचं. सॉफ्टवेअर ६४ बिट असेल तर डीएलएल पण ६४ बिटचीच लागते. ऑर्डरसाठी मी म्हणेन मधे छोटा पायथन प्रोग्राम ठेवा, एएफएल (अ‍ॅमीब्रोकरमध्ये लिहिलेला कोड) त्याला फक्त सिग्नल देईल, ब्रोकरच्या एपीआयशी (प्रोग्रामनं ऑर्डर टाकायची सोय) बाकी सगळं तोच बोलेल.

काइट कनेक्ट (झेरोधा ब्रोकरची एपीआय) घेतलं तर अ‍ॅक्सेस टोकन (लॉगिन केल्यावर मिळणारी चावी) दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला संपतो, म्हणजे रोज बाजार उघडायच्या, ९:१५ च्या आधी लॉगिन आलंच. इन्स्ट्रुमेंट लिस्ट (ब्रोकरची शेअर, ऑप्शनची यादी) पण रोज नवीन उतरवा, लॉट साईज (एका लॉटमध्ये किती नग) कोडमध्ये लिहून ठेवू नका, ती बदलत राहते.

आता खरी गोष्ट. एएफएल प्रत्येक रिफ्रेशला पूर्ण परत चालते, म्हणजे बायची अट खरी आहे तोवर तुमची ऑर्डर परत परत जाईल. म्हणून ऑर्डर गेली की स्टॅटिकव्हारसेटनं (पुढच्या रिफ्रेशलाही लक्षात राहणारी नोंद करणारं एएफएलचं फंक्शन) कुलूप लावा अन् त्याच्या नावात सिम्बॉल आणि कॅन्डलची (चार्टवरच्या एका दांडीची) वेळ दोन्ही टाका, नाहीतर एका शेअरचं कुलूप दुसऱ्याला लागते. चालू कॅन्डलवरचा सिग्नल येतो अन् गायब होतो, तर बंद झालेल्या मागच्या कॅन्डलवरचाच घ्या.

ऑर्डर आयडी आला म्हणजे सौदा झाला असं नाही बरं, ब्रोकरनं कागद घेतला एवढंच. कम्प्लीट झाली, रिजेक्ट झाली की अर्धीच भरली, हे ऑर्डरबुकमधूनच (ब्रोकरकडच्या तुमच्या ऑर्डरच्या यादीतून) कळते. टाईमआऊट आला तर लगेच परत पाठवायची नाही! ऑर्डर तिकडे पोचलेली असू शकते. प्रत्येक ऑर्डरला स्वतःचा वेगळा टॅग द्या, आधी ऑर्डरबुकमध्ये तो टॅग शोधा, खरंच नसेल तरच परत पाठवा.

४ फेब्रुवारी २०२५ च्या सेबीच्या सर्क्युलरनुसार एपीआयच्या ऑर्डरसाठी स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) ब्रोकरकडे नोंदवावा लागतो. घरच्या साध्या ब्रॉडबँडचा आयपी राऊटर बंद-चालू झाला की बदलू शकतो, अन् आपल्याकडे मे महिन्यात भरदुपारी लाईट गेली की राऊटर बंद पडतोच. म्हणून इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्या किंवा मुंबईच्या क्लाउड सर्व्हरवर प्रोग्राम ठेवा. अन् स्टॉपलॉस (तोटा ठरावीक भावाला थांबवणारी ऑर्डर) तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नाही, एक्सचेंजवर लागलेला पाहिजे. सौदा कम्प्लीट झाला की लगेच स्टॉपलॉसची (एसएल) ऑर्डर टाका, मग इकडे लाईट गेली तरी ती तिकडे उभी राहते.

टेस्टिंगला कॅशमध्ये (साध्या शेअर खरेदीत) स्वस्तातला एकच शेअर घ्या. ऑर्डर जाता जाता मुद्दाम नेट काढा, परत जोडा, अन् बघा प्रोग्राम ऑर्डरबुक वाचून बरोबर सांगतो का. तो एक शेअर दोनदा घेतला गेला असेल तर अजून ऑप्शनला हात लावू नका.