चेहऱ्याची काळजी घेता घेता चेहराच बिघडतोय? या चुका टाळा

रोज सकाळ-संध्याकाळ चेहऱ्यासाठी पाच-दहा मिनिटं काढायची, तेवढा वेळ फोन लांब ठेवायचा आणि फक्त स्वतःकडे लक्ष द्यायचं, ही सवय चांगलीच. घोळ पुढे होतो. बघता बघता आरशासमोर सात-आठ बाटल्या जमतात, गाल चुरचुरायला लागतात, कपाळावर पूर्वी कधी नव्हत्या त्या बारीक पुटकुळ्या उठतात, आणि त्या घालवायला आणखी एक बाटली येते. खालच्या बहुतेक चुकांचा शेवट या आणखी एका बाटलीत होतो. चेहरा कुरकुरायला लागला की हात काहीतरी लावायला शिवशिवतात. तेव्हा आधी बघायचं ते हे, की यातलं काय बंद करता येईल.

धुण्यापासूनच चुकायला सुरुवात

त्वचेचा सगळ्यात वरचा थर चेहऱ्यावर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो. साध्या कागदाहून कितीतरी पातळ. त्यातल्या चपट्या पेशींच्या मधल्या जागा सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड अशा स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. आतलं पाणी आत आणि बाहेरचा त्रास बाहेर ठेवण्याचं काम हाच थर करतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५. नेहमीच्या साबणाच्या वडीचा पीएच ९-१० च्या घरात जातो. त्या वडीने तोंड धुतलं की मळाबरोबर हे लिंपणही थोडं थोडं निघतं. गाल ओढल्यासारखे होतात, बोट फिरवलं की करकर वाजतं, आणि आपण समाधानाने म्हणतो, आता कसं स्वच्छ वाटतंय!

तुमचा फेसवॉश कडक आहे का, हे घरच्या घरी कळतं. चेहरा धुवा, हलक्या हाताने टिपा, काहीही लावू नका आणि अर्धा तास थांबा. त्वचा ताणली, खाज आली किंवा पापुद्रे दिसले तर तो बदला आणि पाणी कोमट ठेवा. त्वचा फार कोरडी असेल तर सकाळी नुसत्या पाण्याने भागतं.

तेलकट चेहऱ्याची माणसं नेमकी उलट टोकाला जातात आणि दिवसातून चार-पाचदा तोंड धुतात. तेलग्रंथींचा कारभार मुख्यतः हार्मोन्सच्या हातात असतो. धुतल्याने वर आलेलं तेल निघतं, आतलं तयार होणं काही थांबत नाही. दिवसातून दोनदा धुणं पुरे, शिवाय खूप घाम आला तर एकदा. एरवी टिश्यूने टिपून घ्या. मेकअप किंवा पाण्याने न निघणारं सनस्क्रीन लावलं असेल तर मात्र रात्री आधी तेलाचं क्लेन्झर किंवा क्लेन्झिंग बाम आणि मग फेसवॉश, एवढे कष्ट घ्यावे लागतात.

एकाच आठवड्यात सगळं नवं

सीरम, टोनर, क्रीम, रात्रीचं वेगळं काहीतरी, असं सगळं एका दमात सुरू केलं आणि दहाव्या दिवशी हनुवटीवर लाल चट्टा उठला, तर दोष कुणाला द्यायचा? एका वेळी एकच नवी गोष्ट आणा आणि पुढची आणण्याआधी दोन-तीन आठवडे जाऊ द्या. त्याहीआधी हाताच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, दिवसातून दोनदा सात ते दहा दिवस लावून बघा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण सुजलेला चेहरा घेऊन महिना काढण्यापेक्षा बरं.

घाईची दुसरी बाजू म्हणजे आठ-दहा दिवसांत ‘काहीच फरक नाही’ म्हणून वस्तू बाजूला टाकणं. त्वचेच्या खालच्या पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, वय वाढेल तसे जास्तच. मॉइश्चरायझरचा गुण त्याच दिवशी कळतो. मुरुमांच्या औषधाला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. डागांसाठी आणि रेटिनॉलसाठी (व्हिटॅमिन एचा एक प्रकार) तीन महिने धरून चला. बाटली उघडली त्या दिवशी तिच्यावर पेनने तारीख घाला, म्हणजे ‘किती दिवस झाले बरं’ हा अंदाजपंचे हिशेब टळतो. बाटलीवर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात १२ किंवा ६ हा आकडा असतो, तो उघडल्यानंतरच्या महिन्यांचा. व्हिटॅमिन सीचं सीरम गडद तपकिरी झालं असेल तर ते महिने संपायचीही वाट बघू नका.

‘आधी बिघडतं, मग सुधारतं’ हे वाक्यही जपून वापरायचं. रेटिनॉल किंवा सॅलिसिलिक ॲसिडसारख्या घटकांनी पेशी लवकर गळायला लागतात आणि आत दबा धरून बसलेले मुरुम एकदम वर येतात, हे खरं आहे. पण ते येतात नेहमीच्याच जागी, आणि चार-सहा आठवड्यांत ओसरतात. जिथे कधी काही नव्हतं तिथे पुरळ उठलं, खाज सुटली, आग झाली किंवा डोळ्यांभोवती सूज आली, तर ती त्वचेने दिलेली नापसंती आहे. वस्तू त्याच दिवशी बंद. मॉइश्चरायझर आणि फेसवॉशच्या बाबतीत तर ‘आधी बिघडतं’ ही सबब चालतच नाही.

घासून, सोलून, आणखी सोलून

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून बोलू. वरच्या पेशी सोलणारं एक ॲसिड टोनरमध्ये, दुसरं सीरममध्ये, तिसरं फेसवॉशमध्ये, रविवारी स्क्रब आणि रात्री रेटिनॉल. यातलं एकेक कदाचित निर्दोष असेल. पाची एकत्र आली की तो पातळ थर भरून निघण्याआधीच पुन्हा खरवडला जातो.

असं झालंय हे ओळखायचं कसं? वर्षभर मुकाट्याने लावलेलं मॉइश्चरायझर अचानक झोंबायला लागतं. नुसतं पाणी लागलं तरी चुरचुरतं. चेहरा एकाच वेळी कोरडा आणि तेलकट वाटतो. गालावर चकाकी दिसते, तिला लोक ‘ग्लो’ म्हणून कौतुक करतात. प्रत्यक्षात ती ताणलेल्या, सोललेल्या कातडीची चमक असते. गंमत अशी की याच वेळी बारीक पुटकुळ्याही येतात आणि माणूस त्या घालवायला ॲसिड वाढवतो.

उपाय अगदी नीरस आहे. दोन ते चार आठवडे सगळं बंद: ॲसिडं, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, स्क्रब, सुगंधी वस्तू. उरतात तीन गोष्टी. सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. फार कोरडं पडलं असेल तिथे रात्री पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवायला तिच्याइतकं परिणामकारक फार थोडं आहे. या काळात हात शिवशिवतील. शिवशिवू द्या. चुरचुर पूर्ण थांबल्यावर एकेक वस्तू परत आणा, ॲसिड आठवड्यातून एक-दोनदाच.

रेटिनॉल परत आणताना किंवा पहिल्यांदा लावताना संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढंच घ्यायचं, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, आठवड्यातून दोनदा. नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे आधी जेलीने झाकून घ्या. पहिले पापुद्रे तिथेच सुटतात. तरीही झोंबलं तर आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, मग पुन्हा मॉइश्चरायझर. गर्भवतींनी किंवा दिवस जाण्याची शक्यता असलेल्यांनी या घटकाच्या वाटेला जाऊच नये. मुरुमांवरच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या बाबतीतही थोडकंच बरं: १० टक्क्यांच्या जेलने त्रास जास्त होतो, गुण मात्र २.५ टक्क्यांहून फारसा वेगळा येत नाही. शिवाय रंगीत उशीच्या अभ्र्यावर आणि टॉवेलवर त्याचे फिके डाग पडतात, ते धुऊन जात नाहीत.

जिथे हात सढळ हवा तिथे चिकटपणा

बाकी सगळं कमी करा म्हणत असताना एका बाबतीत उलट सांगावं लागतं. सनस्क्रीनच्या डब्यावरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन मोजतात. घरोघरी माणसं त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतात, त्यामुळे डब्यावर ५० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्यावर ५० मिळत नाही. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधलं बोट या दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ काढा, तेवढं लागतं. एसपीएफ ३० उन्हातली त्वचा भाजणारी यूव्हीबी किरणं साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे आकड्यावरून वाद घालण्यापेक्षा मापावर लक्ष दिलेलं बरं. फाउंडेशनमधल्या एसपीएफवर विसंबू नका. तेवढं फाउंडेशन लावलं तर चेहरा मुखवटा दिसेल.

खिडकीची काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए हा उन्हातल्या किरणांचा दुसरा प्रकार मात्र बराचसा आत येतो. त्यामुळे दिवसभर उजेडाच्या खिडकीशी बसणाऱ्यांनाही सनस्क्रीन लागतं, आणि डब्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (म्हणजे दोन्ही किरणं अडवणारं) लिहिलेलं बघून घ्यायचं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांगाचा त्रास असलेल्यांना नुसत्या यूव्हीपासूनचं संरक्षण पुरत नाही, कारण दिसणाऱ्या उजेडानेही डाग गडद होतात. आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन तिथे उपयोगी पडतं, आणि सावळ्या रंगावर पांढरट थर दिसत नाही हा वरचा फायदा.

सनस्क्रीन चोळताना त्याचे पांढरे कण वळून निघत असतील तर खाली थर जास्त झाले आहेत. एखादं सीरम गाळा, मॉइश्चरायझर मुरायला काही मिनिटं द्या आणि चोळण्याऐवजी पसरून थापा. डोळ्यांत झोंबत असेल तर डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं वापरून बघा.

काही छोट्या गोष्टी, पटकन

हायल्युरॉनिक ॲसिड (हे सोलणारं नाही, पाणी धरून ठेवणारं) लावूनही चेहरा कोरडा वाटतो? ते ओलसर चेहऱ्यावर लावा आणि वर लगेच मॉइश्चरायझर घ्या. लिंबाचा रस थेट चेहऱ्यावर नको: त्याचा पीएच २ च्या आसपास असतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात. मुरुमावर टूथपेस्ट लावू नका. नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३चा प्रकार) आणि व्हिटॅमिन सी एकत्र चालत नाहीत ही जुनी भीती सोडून द्या, चालतात.

काळजीची पहारेदारी झाली तर

स्वतःसाठी काढलेला वेळ कधी कधी स्वतःचीच झडती होऊन बसतो. पाचपट मोठं दाखवणाऱ्या आरशात कुणाचीच त्वचा चांगली दिसत नाही. त्यात दिसणारे नाकावरचे करडे ठिपके बहुतेक वेळा नुसते छिद्रातल्या तेलाचे धागे असतात. पिळून काढले तरी काही दिवसांत पुन्हा भरतात, पिळल्याची लाली आणि व्रण मात्र मागे राहतात. तो आरसा कपाटात जाऊ द्या. कितीही थकलेल्या रात्री जमेल एवढाच क्रम नेहमीचा म्हणून ठरवा, म्हणजे तोंड धुणं आणि मॉइश्चरायझर. बाकीचं हौसेचं, एखाद्या रात्री राहिलं तर त्याची रुखरुख कशाला? पण आरशासमोर तासन् तास जात असतील, इतरांना न दिसणाऱ्या दोषापायी माणसांत जाणं टाळलं जात असेल, किंवा रक्त येईपर्यंत त्वचा खुडणं थांबवता येत नसेल, तर तिथे क्रीम कामाचं नाही. या त्रासांवर मानसोपचारात चांगले उपाय आहेत, ते घ्या.

मुरुम समजून भलत्यावरच इलाज

कपाळावर किंवा छाती-पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या आल्या आणि मुरुमांच्या औषधाने हलतच नसतील, तर ते मॅलॅसेझिया या यीस्टचं काम असू शकतं. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं. तोंडाभोवती लालसर पुरळ, पण ओठांलगतची बारीक कड मोकळी, असं दिसलं तर जड क्रीम किंवा स्टेरॉइडचं मलम कारण असण्याची दाट शक्यता.

स्टेरॉइडबद्दल स्पष्टच सांगायला हवं. गोरेपणाच्या किंवा ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ बऱ्याच मलमांत ते असतं, आणि पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच नितळ दिसतो. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, लाल रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसतात, मुरुम आणि केस वाढतात, आणि मलम थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. महिनोन् महिने लावलेलं असेल तर स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते कमी करावं लागतं.

दुखऱ्या गाठी, खड्डे ठेवून जाणारे मुरुम, तीन महिन्यांत न हललेले डाग, भरून न येणारी जखम, किंवा आकार, कड, रंग बदलणारा अथवा ६ मिलिमीटरहून मोठा होत चाललेला तीळ, यासाठीही त्यांच्याकडेच जायचं. जाताना चेहऱ्यावर मेकअप नको. आणि वापरात असलेल्या सगळ्या वस्तू, निदान त्यांच्या मागच्या घटकांच्या यादीचे फोटो, सोबत न्या, भावाने किंवा मैत्रिणीने दिलेली ती बिनलेबलची डबीसुद्धा.