कांद्याच्या मुळाची स्लाइड: गुणसूत्रं मोजता यावीत म्हणून

मुळं दीड-दोन सेंटिमीटरची झाली की सकाळी टोकं कापा. लगेच ताज्या मिश्रणात टाका: ३ भाग अल्कोहोल, १ भाग ग्लेशियल (म्हणजे जवळपास पाणी नसलेलं) अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. २४ तासांनी ७०% अल्कोहोलमध्ये हलवा.

पुढे १ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये ६० अंश सेल्सिअसला ८-१० मिनिटं. स्लाइड बिघडते ती बहुतेक इथेच. वेळ कमी पडली तर पेशी सुट्या होत नाहीत, थरावर थर दिसतात. जास्त झाली तर टोकाचा लगदा होतो.

धुऊन अ‍ॅसिटोकार्मिन हा गुणसूत्रं रंगवणारा रंग द्या. गडद रंगलेलं शेवटचं १-२ मिलिमीटर टोकच स्लाइडवर ठेवा, पेशींचं विभाजन तिथेच चालतं. त्यावर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवा, तिच्यावर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. ती तसूभरही सरकू देऊ नका, पेशी गुंडाळल्या जातात. विभाजनाच्या मध्यावस्थेतली (गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात तो टप्पा) पसरलेली पेशी शोधा: गुणसूत्रं १६ भरायला हवीत.