इलेक्ट्रॉनिक बॉक्सवरचं मेटॅलिक फिनिश महिन्याभरात उडतंय? या चुका टाळा

अंबड एमआयडीसीत माझं पेंटिंगचं छोटं काम आहे, अ‍ॅम्प्लिफायरचे फ्रंट, सीसीटीव्हीचे डबे, स्पीकरची कव्हरं असलं सगळं येतं, आणि सारखे लोक येतात की सिल्व्हर मारून घेतला होता, महिन्याभरात उडाला. पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, कलर कुठल्या कंपनीचा घेऊ?" अहो कलरचं नंतर बघू, आधी निघालेला पापुद्रा दाखवा.

पापुद्रा उलटा करून बघायचा. त्याच्या पाठीला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, चिकटून आला असेल आणि खालचं प्लास्टिक चकचकीत दिसत असेल तर घोळ प्लास्टिकच्या तयारीत आहे. प्रायमर जागेवर आणि नुसता सिल्व्हर निघाला तर प्रायमर न घासता त्यावर कोट मारलाय. आणि वरचं क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, तेवढं कागदासारखं सुटत असेल तर बेस कोट, म्हणजे खालचा सिल्व्हर, नको तितका वाळू दिलाय, बेस आणि क्लिअरमध्ये किती वेळ ठेवायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते कुणी वाचतच नाही.

माझ्याकडनं यातली पहिलीच चूक झाली होती. एका पार्टीचे एबीएस नावाच्या प्लास्टिकचे साठ डबे होते, घाई होती, एनसी थिनरचा (रंग पातळ करायचं नेहमीचं द्रावण) बोळा फिरवला, प्रायमर मारला, सिल्व्हर मारला, दिसायला एकदम झकास. पंधरा दिवसांनी एक डबा परत आला, कोपऱ्याला नख लावलं तर तळहाताएवढा पापुद्रा एका झटक्यात हातात, मागे प्रायमर आणि खाली प्लास्टिक जसं मोल्डमधून निघालं तसं गुळगुळीत. मोल्डिंगवाले साच्याला सिलिकॉनचा रिलीज स्प्रे मारतात, तो जॉबवर, म्हणजे रंगवायच्या डब्यावर, येतो, आणि मी एकाच फडक्याने साठही डब्यांना तो नुसता पसरवत बसलो होतो. साठच्या साठ घासून परत केले, पैसे माझेच गेले.

तेव्हापासून आधी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुणं, पूर्ण वाळवणं, मग आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही दोन फडकी घेऊन, एक ओलं पुसायला आणि दुसरं कोरडं लगेच मागोमाग, आणि फडकी सारखी बदलायची. मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने चमक पूर्ण मरेपर्यंत घासायचं आणि परत एकदा आयपीए. आपल्याकडे तांबट आळीत जुनी माणसं विचारा, नवसागर लावून भांडं साफ केल्याशिवाय कल्हई धरत नाही, इथंही तेच आहे.

प्लास्टिक कोणतं ते आतल्या बाजूला छापलेलं असतं, बघा. एबीएस असेल तर अ‍ॅसिटोन अजिबात नको, विरघळतं. पॉलिकार्बोनेटला कडक थिनर लागला की बारीक तडे जातात, कधी दोन दिवसांनी दिसतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्याचा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर काहीही करा, सुटणारच.

आता हवामान. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकला पाऊस लागला की सिल्व्हरवर पांढरट झाक येते. थिनर भराभर उडतो, जॉब थंड पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर गन हातात घेऊ नका, अगदीच अडलं असेल तर हळू उडणारा थिनर वापरा. जानेवारीत उलटं, सकाळी स्प्रेचा डबा गार पडतो, प्रेशर येत नाही आणि थेंब थुंकतो. दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर किंवा हीटरवर कधीच नाही, डबा फुटतो.

ढगाळ डाग पडतात त्याचं कारण जाड कोट. ओल्या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे कण पोहतात आणि एका जागी गोळा होतात, म्हणून पातळ दोन कोट आणि शेवटचा थोडा लांबून, धूळ बसवल्यासारखा. वर टूके क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं दोन भागांचं क्लिअर, हार्डनरचं माप वजनकाट्यावर, अंदाजपंचे नाही. आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, दमा लागतो, रुमाल बांधून काही होत नाही, नीट मास्क घ्या आणि पोरांना लांब ठेवा.

क्रोम स्प्रेवर क्लिअर मारलं की तो बहुतेक वेळा करडा पडतो. आरशासारखी टिकाऊ चमक पाहिजे असेल तर प्लेटिंगलाच द्या, तिथे एबीएस आधी अ‍ॅसिडने खरवडून मग तांबं, निकेल, क्रोम चढवतात. डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या, अ‍ॅल्युमिनियमचा डबा असेल तर अ‍ॅनोडायझिंगचा (विजेने वर ऑक्साइडचा थर चढवतात ते) हट्ट धरू नका, त्या धातूत सिलिकॉन हे मूलद्रव्य जास्त असतं, वरचं स्प्रेवालं नाही, काळपट चट्टे येतात. ६०६३ नंबरच्या मिश्रधातूच्या एक्सट्रुजनला, म्हणजे डायमधून दाबून काढलेल्या पट्टीला, छान होतं, फक्त अर्थिंगच्या स्क्रूखालची जागा मोकळी ठेवा, तो थर करंट जाऊ देत नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ आत असेल तर अँटेनासमोर धातूचे कण असलेला रंग नको, रेंज पडते.

डिलिव्हरीआधी एक जॉब बळी द्या. ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा रेघा उभ्या, सहा आडव्या, पंचवीस चौकोन होतात, वर टेप दाबून ओढा. एकही चौकोन उडाला नाही तरच बाकीचे पाठवा. आणि क्लिअर पूर्ण पिकायला साधारण सात दिवस लागतात, तोवर बबल रॅपमध्ये गुंडाळू नका, गोल गोल ठसे उमटतात आणि ते मग पॉलिशनेही जात नाहीत.