व्हिक्टोरिया फॉल्सला जायचं स्वप्न आहे? मग या चुका टाळा

भिशी लागली की लोकांना दम निघत नाही. परवा गल्लीतल्या एकानं मोबाईल पुढं केला, त्यात आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सचा तोच फोटो, पाण्याची पांढरीशुभ्र भिंत आणि वर धूर, आणि म्हणतोय दादा दिवाळीच्या सुट्टीत बुकिंग करतोय, पोरांना सांगून पण झालं. म्हटलं थांब बाबा, पैसे भरू नको. हे इतक्या जणांना तोंडी सांगितलंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुट्टी बघून तारीख ठरवणं. तारीख नदी बघून ठरवायची. तिकडं पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि झांबेझीचं, म्हणजे ज्या नदीवर हा धबधबा आहे तिचं, पाणी वरच्या अंगानं, अंगोला आणि पश्चिम झांबियाच्या सपाट गवताळ पट्ट्यातनं सावकाश उतरत येतं, म्हणून पूर येतो तो पाऊस सरता सरता, एप्रिलच्या सुमारास. राधानगरी-गगनबावड्याला पाऊस झाला की कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढायला वेळ लागतो ना, तसंच, फक्त तिकडं तो वेळ आठवड्यांत मोजायचा. आणि नदी सगळ्यात खाली जाते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे नेमकी आपली दिवाळी. राऊतवाडीचा धबधबा बघायला मे महिन्यात कोण जातं का?

मी गेलोय तसा, म्हणून पोटतिडकीनं सांगतोय. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, मुक्काम झांबियाच्या बाजूला लिव्हिंगस्टनमध्ये. बायकोनं महाद्वार रोडवरनं दोन नवीन रेनकोट घेतले होते, सगळे म्हणायचे चिंब भिजता म्हणून. धबधब्यासमोरच्या पायी जायच्या पुलावर उभं राहिलो तर समोर १०० मीटरच्या वर उंचीचा काळा कातळ, कोरडा, एका कोपऱ्यात दोन-चार धारा. ती रेनकोटची घडी हातात धरून उभी होती, टॅगसुद्धा काढला नव्हता, आणि एक शब्द बोलली नाही. पाच वर्षांची बचत होती ती.

आता दुसरी चूक. हा धबधबा १,७०० मीटर रुंद आहे आणि दोन देशांत वाटलेला आहे. झांबियाकडचा भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळजवळ आटतो, मुख्य प्रवाह झिंबाब्वेच्या बाजूनं दिसतो आणि तिकडं पाणी बारा महिने असतं. मग आम्ही पलीकडं का गेलो नाही? कारण एजंटनं सिंगल एन्ट्री व्हिसा काढून दिलेला, आणि एकदा झांबिया सोडलं की परत यायला नवीन व्हिसा. परतीचं विमान लिव्हिंगस्टनवरनं. शेवटी पास घेऊन दोन देशांमधल्या १९०५ च्या रेल्वे पुलावर गेलो आणि लांबनं तुषार बघून माघारी आलो. म्हणून व्हिसा काढायच्या आधीच डबल एन्ट्री मागा, किंवा दोन्ही देशांना चालणारा काझा व्हिसा आपल्याला मिळतो का ते विचारा. "झालं साहेब, व्हिसा आला" एवढ्यावर गप्प बसू नका, त्यावर काय छापलंय ते स्वतः वाचा.

मे महिन्याची सुट्टी पण मला पटत नाही. पाणी भरपूर, पण तुषार इतके उडतात की समोरची भिंतच दिसत नाही. माझं मत जून-जुलै. शाळा बुडते म्हणून लोक नाक मुरडतात, बुडू दे की आठवडाभर! आम्ही दुसऱ्यांदा जुलैत गेलो, झिंबाब्वेकडनं, पाणी पण होतं आणि कडेपासून तळापर्यंत दिसत पण होतं. तिथले लोक याला मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर का म्हणतात ते त्या दिवशी कळलं, बोलायचं तर कानात ओरडावं लागत होतं. झांबेझी रिव्हर ऑथॉरिटी तिथल्या पाण्याचे आकडे देते, मी वर्षभर ते वहीत उतरवत होतो आणि मगच तिकीट काढलं.

दिवाळीतच जायचं असेल तर निदान झिंबाब्वेकडं राहा. पाणी कमी असतानाच कड्याच्या टोकावरच्या डेव्हिल्स पूल नावाच्या डोहात उतरता येतं, पण ते झांबियाकडनं आणि गाईडबरोबरच, तेवढ्यासाठी पुन्हा व्हिसाचं बघा.

बाकी छोट्या गोष्टी. स्वस्त पडतं म्हणून जोहान्सबर्गपर्यंत एक आणि पुढं वेगळं असं तिकीट काढू नका, बॅगा घ्यायला बाहेर पडावं लागलं की दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना जायच्या आधीच विचारा. पौर्णिमा साधली तर भरल्या पाण्याच्या दिवसांत रात्री चांदण्यातलं इंद्रधनुष्य दिसतं, पार्क त्यासाठी उघडं ठेवतात. आणि खायची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, तिथली बबून माकडं सरळ ओढून नेतात, आमचा चिवडा तसाच गेला.